शिरापूर, कळमण आणि चाळीस-चाळीस घरं

वळसंगच्या स्मरणिकेत मोहोळ तालुक्यातल्या शिरापूरचं आणि उत्तर सोलापुरातल्या कळमणचं काय काम, असं कुणीही विचारील. काम आहे. ती गावं आपल्यासारखीच आहेत. तीच काळी जमीन, तीच रब्बीची ज्वारी, आणि पावसाचा तोच लहरी कारभार. फरक एवढाच की १९७५ पासून तिथल्या काही घरांत धान्य किती आलं, मजुरी किती मिळाली, उसनवारी कुणाशी झाली, बैल कधी विकला, याची बारीक नोंद होत गेली. आपल्या घरांची अशी नोंद कुणी ठेवली नाही. त्या नोंदींवर जगभरच्या विद्यापीठांत अर्थशास्त्राची एक पिढी शिकली. सोलापूर म्हटलं की आपल्याला चादर, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आणि शेंगाचटणी आठवते. अमेरिकेतल्या एखाद्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला मात्र सोलापूर माहीत असेल ते बहुधा शिरापूरमुळे.

हा इतिहास इक्रिसॅट या संस्थेने चालवलेल्या ‘गावपातळीवरील अभ्यासा’चा आहे. आज आकडेवारी, संगणक आणि समाजशास्त्र यांची सांगड घालणाऱ्या अभ्यासक्रमांचा बोलबाला आहे, आणि आपल्या भागातली मुलं त्यासाठी पुण्या-बंगळुरूला जातात. त्या अभ्यासाचा एक मोठा साठा आपल्याच जिल्ह्यातून निघाला, हे त्यांना कुणी सांगत नाही. म्हणून इथे सांगतो.

मोजणीची ही परंपरा इक्रिसॅटपासून सुरू झाली नाही. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून १९१७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. दुसरं गाव जातेगाव बुद्रुक, त्याचा ग्रंथ १९२१ चा. पिंपळे सौदागरात आज इमारतींच्या रांगा आहेत, आणि तिथल्या शेताच्या तुकड्यांची लांबी-रुंदी मॅनच्या पुस्तकात तेवढी उरली आहे. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. रावबहादूर रा. रा. काळे यांची देणगी आणि धनंजयराव गाडगीळांसारखा संचालक, असा तो योग होता. गाडगीळांचा हट्ट असा की महाराष्ट्राबद्दल बोलायचं तर आधी महाराष्ट्रात फिरून मोजायचं. पुणे शहर, फळबाजार, मोटार वाहतूक, गोदावरी-प्रवरेचे कालवे, जे हाती येईल ते त्यांनी मोजायला घेतलं. सोलापूरही सुटलं नाही. आर. जी. काकडे यांची सोलापूरच्या विणकर समाजांची पाहणी १९४७ मध्ये याच संस्थेने छापली, आणि गाडगीळांचा सोलापूर शहरावरचा ग्रंथ १९६५ मध्ये आला. माग, घरभाडं, कर्ज, घरातली माणसं असा सगळा संसार त्या पानांत रकान्यांत मांडलेला आहे. देशाची राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या फेरीतल्या सहाशेहून अधिक गावांत प्रश्नावली वापरली गेली ती याच संस्थेची. पुढे वि. म. दांडेकरांनी नमुना निवडण्याच्या शास्त्राला महाराष्ट्रात पक्कं बूड दिलं.

हे सगळं मोठं काम, पण त्याची एक मर्यादा होती. पाहणी करणारा यायचा, विचारायचा, जायचा. शेतकऱ्याच्या आयुष्यात चांगलं साल आणि वाईट साल एकामागून एक येतात. एकदाच विचारलं तर त्यातलं एकच साल हाती लागतं.

इक्रिसॅटची स्थापना १९७२ ची, हैदराबादजवळ पाटणचेरूला. कोरडवाहू मुलखातल्या ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा आणि भुईमूग या पिकांवर संशोधन करणारी ही आंतरराष्ट्रीय संस्था. साल लक्षात घ्या. त्याच वर्षी महाराष्ट्रात दुष्काळ पडला होता आणि आपल्याकडची माणसं खडी फोडत होती. संस्थेतले शास्त्रज्ञ नवं बियाणं काढत, नवी मशागत सुचवत. पण शेतकरी ते का घेतो किंवा का घेत नाही, याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळेना. तेव्हा अर्थशास्त्र विभागातल्या लोकांनी ठरवलं की आधी गाव समजून घेऊ. ऑस्ट्रेलियाचे जेम्स रायन, स्वित्झर्लंडचे हान्स बिन्सवांगर आणि राजस्थानच्या कोरड्या मुलखाचा अभ्यास केलेले एन. एस. जोधा ही त्यातली प्रमुख नावं.

तीन जिल्हे निवडले. महबूबनगर लाल जमिनीसाठी, अकोला बऱ्यापैकी भरवशाच्या पावसासाठी, आणि सोलापूर खोल काळ्या जमिनीसाठी व बेभरवशाच्या पावसासाठी. आपल्याकडे वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तो कमी नाही, पण येतो केव्हा हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून खरिपात रान मोकळं ठेवायचं, मातीत ओल मुरू द्यायची आणि रब्बीत मालदांडी पेरायची ही आपली जुनी रीत. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला पावसाळ्यात पडीक दिसणारं रान आळस वाटतो. त्या रानाखाली ओल साठवलेली असते हे कळायला तिथे एक वर्ष काढावं लागतं. प्रत्येक जिल्ह्यातून दोन गावं घेतली, आणि सोलापुरातून शिरापूर व कळमण आली.

प्रत्येक गावातून चाळीस घरं. त्यात दहा भूमिहीन मजुरांची, आणि लहान, मध्यम व मोठ्या शेतकऱ्यांची दहा-दहा. सहा गावं मिळून २४० घरं. आजच्या लाखालाखांच्या आकडेवारीपुढे हा आकडा नगण्य वाटेल. पण मोठेपण घरांच्या संख्येत नव्हतं. त्याच घरात दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा जायचं आणि वर्षानुवर्षं जात राहायचं, यात ते होतं. मे १९७५ मध्ये काम सुरू झालं.

हे काम करणारा माणूस म्हणजे निवासी अन्वेषक. शेती किंवा अर्थशास्त्र शिकलेला, खेड्यात वाढलेला, आणि गावाची भाषा बोलणारा पदवीधर. तो गावातच खोली घेऊन राहायचा. त्याच्यासाठी बिन्सवांगर आणि जोधांनी १९७८ मध्ये सूचनांचं एक पुस्तक तयार केलं. माझ्या मते या उपक्रमाचा खरा पाया तेच पुस्तक आहे. विश्लेषणाच्या सूत्रांची चर्चा पुढे पुष्कळ झाली. पण शेतात दोघांनी अर्धा दिवस काम केलं तर ते कसं लिहायचं, मजुरी धान्यात दिली तर तिची किंमत कोणत्या भावाने धरायची, हे आधी एकसारखं ठरलं नसतं तर पुढच्या सूत्रांना काही अर्थच उरला नसता.

उदाहरण म्हणून आपल्याच घरातली ज्वारी घ्या. खळ्यावरून पंधरा पोती घरी आली. त्यातलं एक पोतं सालगड्याला, काही पायल्या सुताराला आणि न्हाव्याला, दोन पोती गेल्या वर्षीच्या उसन्याची फेड, थोडं बियाण्याला बाजूला, थोडं विकून किराणा, आणि बाकी पेवात किंवा कणगीत. मग वर्षभर घरातली बाई त्यातून दळण काढत राहते. आता या घराने महिन्याला किती धान्य खाल्लं? दुकानातून आणलं असतं तर पावती असती. इथे पावती नाही. कणगीतलं किती कमी झालं ते विचारायचं, आणि त्यातलं बैलाला किती गेलं, पाहुण्याला किती, उंदराला किती, हे वजा करायचं. शिवाय कडबा. शहरातल्या माणसाला ज्वारीचं उत्पन्न म्हणजे दाणे वाटतात. वाईट सालात आपल्याकडे कडब्याची पेंढी दाण्याच्या तोडीचं मोल खाते, आणि ती वेगळी लिहिली नाही तर शेतकऱ्याचा हिशेबच चुकतो. दर तीन-चार आठवड्यांनी जाण्याचं कारण हेच. सहा महिन्यांनी विचारलं तर कुणाला आठवणार?

आता त्या काळातल्या सगळ्यात गंमतीशीर प्रयोगाकडे येतो. कोरडवाहू शेतकरी भित्रा असतो, धोका पत्करत नाही, म्हणून मागे राहतो, असं पुस्तकांतून सर्रास लिहिलं जायचं. बिन्सवांगरने खऱ्या पैशांचा खेळ मांडला. शेतकऱ्यापुढे पर्याय ठेवायचे. पहिल्यात छापा पडो वा काटा, ५० रुपये नक्की. दुसऱ्यात एका बाजूला ४५, दुसऱ्या बाजूला ९५. असं चढत चढत शेवटच्या पर्यायात एका बाजूला शून्य आणि दुसऱ्या बाजूला २००. सुरुवात ५० पैशांच्या पातळीवरून, मग ५ रुपये, मग ५०. पैसे खरे आणि जिंकलेले घरी न्यायचे. वरच्या पातळीवर सरासरीने मिळणारी रक्कम मजुराच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त होती, तेव्हा कुणी थट्टेवारी नेण्याचा प्रश्नच नव्हता. पर्याय निवडायला लोकांना मधले काही दिवस मिळत. पारावर त्यावर काय काय चर्चा झडल्या असतील याची कल्पना आपण करू शकतो.

निकाल १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. थोड्या पैशांच्या खेळात लोक धीट होते. रक्कम वाढली तसे बहुतेक जण मधल्या पर्यायांवर येऊन थांबले. आणि त्यात श्रीमंत-गरीब असा फारसा फरक नव्हता. म्हणजे गरीब शेतकरी जात्याच भित्रा नाही. तो नवं बियाणं, खत किंवा विहीर यांत पैसा घालत नसेल तर कारण त्याच्या स्वभावात नाही. पैसा उभा करायला त्याला वाट नाही, हे कारण आहे. पंचवीस वर्षं कर्जासाठी बँकेच्या पायऱ्या झिजवलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे ठाऊक होतं. पण त्याचं सांगणं गाऱ्हाणं ठरत होतं, आता तेच आकड्यांत आलं.

दुसरी गोष्ट रोजगार हमीची. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली ही योजना ७२ च्या दुष्काळात मोठी झाली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. नोंदी सुरू होत्या तेव्हाच योजना गावागावांत पोचत होती. पुढे थॉमस वॉकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या आणि तेव्हा आंध्रात असलेल्या महबूबनगरच्या गावांची तुलना केली, तेव्हा महाराष्ट्रातल्या भूमिहीन घरांची कमाई सालोसाल कमी हेलकावे खाताना दिसली. वॉकर आणि रायन यांचा १९९० चा ग्रंथ या सगळ्या काळाचा मुख्य दस्तऐवज आहे. रोजगार हमीवर भाषणं पुष्कळ झाली, पण तिचा गुण एवढ्या नेमकेपणाने दाखवणारी नोंद दुसरीकडे सहज सापडत नाही.

मग नोंदी पाटणचेरूबाहेर गेल्या. रॉबर्ट टाउनसेंड या अर्थशास्त्रज्ञाने महबूबनगरातलं औरेपल्ली, आपलं शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातलं एक गाव, अशा तीन गावांची दहा वर्षांची आकडेवारी घेऊन १९९४ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या मातब्बर नियतकालिकात निबंध लिहिला. त्याचा प्रश्न असा: एखाद्या घराचं पीक बुडालं तर त्या घराच्या ताटातलं तेवढंच कमी होतं का? उत्तर आलं, तेवढं होत नाही. घराचा खर्च स्वतःच्या कमाईपेक्षा गावाच्या एकूण सालाबरोबर वरखाली होतो. उसनवारी, धान्याचा साठा, नातेवाईक यांच्या आधाराने गाव एकमेकांना बऱ्याच अंशी सांभाळून घेतं. तीनपैकी एका गावात मात्र भूमिहीनांना हा आधार कमी दिसला. हा निबंध पुढे अर्थशास्त्राच्या असंख्य विद्यार्थ्यांनी वाचला.

त्यावर वाद झाला, आणि वाद कशावरून झाला ते पाहण्यासारखं आहे. मार्टिन रॅव्हॅलियन आणि शुभम चौधुरी यांनी १९९७ मध्ये त्याच नियतकालिकात हरकत घेतली की घरचा खर्च मोजण्याच्या पद्धतीतच गफलत असेल तर गाव सांभाळून घेतं हा निष्कर्ष फुगलेला निघतो. म्हणजे सगळं येऊन पोचलं कणगीतल्या ज्वारीवर! जगातल्या नामांकित विद्यापीठांतले दोन पक्ष भांडत होते ते शिरापूरच्या घरात दळणाला किती धान्य निघालं ते नीट लिहिलं गेलं की नाही यावर. संगणकाने समाज समजतो असं मानणाऱ्याने हा वाद जरूर वाचावा.

मला स्वतःला सगळ्यात अस्वस्थ करणारा निबंध मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांचा, १९८९ चा. त्यांनी याच नोंदींत लेकींची सासरं पाहिली. ज्या घराच्या पिकाचा भरवसा कमी, त्या घरच्या मुली जास्त लांब दिलेल्या आढळल्या. लेखकांचं म्हणणं असं की एका गावात पाऊस नसेल तर लांबच्या गावात असू शकतो, आणि अडीनडीला व्याह्याकडून मदत येते. लांबचं लग्न हा एक प्रकारचा विमाच. आपल्याकडे वळसंगच्या मुली अक्कलकोटला, इंडीला, आळंदला दिलेल्या आहेत, काही भाषेची हद्द ओलांडून गेल्या आहेत. लग्न जमवताना पावसाचा विचार केला असं कोणताही बाप कबूल करणार नाही, पण दुष्काळात जावयाकडून कडब्याची गाडी आल्याच्या आठवणी घरोघर आहेत. तेव्हा निष्कर्ष खोटा म्हणवत नाही. माझी तक्रार एवढीच की या विम्याचा हप्ता भरणारी ती मुलगी, आणि तिच्या मनात काय होतं याला रकाना नाही. त्या काळच्या बहुतेक पाहण्यांप्रमाणे प्रश्न कुटुंबप्रमुखाला विचारले जात, आणि तो बहुधा पुरुषच असायचा.

दुसरी उणीव वळसंगच्या माणसाच्या चटकन लक्षात येईल. चाळीस घरं निवडली ती जमिनीच्या आकारावरून, जातीवरून नव्हे. शेतीच्या अभ्यासाला ते योग्यच होतं. पण ज्या गावात दलितांनी आपल्या पाण्यासाठी आपली विहीर खोदली आणि १९३७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या हातून त्यातलं पहिलं पाणी काढवलं, त्या गावाला जमिनीच्या एकरांवरून सगळं घर ओळखता येतं हे पटणं अवघड आहे. बाबासाहेबांना आकड्यांचं वावडं नव्हतं. लहान जमीनधारणेवरचा त्यांचा १९१८ चा निबंध आकडेवारीवर उभा आहे, आणि १९३९ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेत काळे स्मृती व्याख्यान त्यांनीच दिलं. पण कोणाला कोणत्या पाण्याला शिवता येतं हे जमिनीच्या दाखल्यावर लिहिलेलं नसतं.

जोधांनाही आकड्यांची ही मर्यादा जाणवली होती. राजस्थानातल्या दोन खेड्यांत अनेक वर्षांनी परत गेल्यावर त्यांना दिसलं की ज्या घरांचं उत्पन्न आकड्यांत घटलं होतं, तीच घरं स्वतःला पूर्वीपेक्षा बरी समजत होती. सावकाराच्या किंवा जमीनदाराच्या दारात जावं लागत नाही, पायात चप्पल आहे, पोटासाठी एकाच घरावर विसंबावं लागत नाही, ही त्यांची मापं होती. जोधांनी ते १९८८ मध्ये मोकळेपणाने लिहिलं. आयुष्य रकाने भरण्यात घालवलेल्या माणसाने रकान्याबाहेरचंही लिहावं, याचं मला फार कौतुक वाटतं.

१९८५ नंतर नियमित नोंदी थांबल्या. मधली पंधरा-सोळा वर्षं शिरापूर-कळमणला कुणी कणगीबद्दल नियमितपणे विचारायला आलं नाही. आणि नेमकी त्याच काळात जिल्ह्याची तऱ्हा पालटली. उजनीचं पाणी फिरलं, ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला, साखर कारखाने वाढले. २००१ मध्ये काम पुन्हा सुरू झालं तेव्हा जुनी घरं शोधावी लागली. भाऊ वेगळे निघालेले, चुली फुटलेल्या, मुलं शहरात. पुढे २००५-०६ च्या सुमारास एका पाहणीत गाव सोडून गेलेल्यांचाही माग काढला गेला, म्हणजे पंचाहत्तर साली अंगणात खेळणारं पोर आता कुठे आहे आणि कसं आहे ते त्यालाच विचारायला. २००९ पासून गेट्स फाउंडेशनच्या मदतीने व्याप वाढून भारतातली ३० आणि बांगलादेशातली १२ गावं झाली. नोंदी आता इंटरनेटवर अभ्यासकांना खुल्या आहेत. इंग्रजीत, अर्थात.

पण अशा नोंदी वाचायच्या कशा, हे शिकावं लागतं. परदेशात त्याचे वर्ग बहुधा उन्हाळ्यात भरतात. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाचा उन्हाळी वर्ग १९६३ पासून चालतो, इंग्लंडमध्ये एसेक्सचा १९६८ पासून. संगणकीय समाजविज्ञानाचा म्हणून वेगळा उन्हाळी वर्ग २०१७ मध्ये प्रिन्स्टनला मॅथ्यू सॅल्गॅनिक आणि ख्रिस बेल यांनी सुरू केला आणि त्याच्या शाखा देशोदेशी निघाल्या. आपल्या सोलापूर विद्यापीठाची स्थापना २००४ ची, आणि तिथे संगणकीय विज्ञानांचंही संकुल आहे आणि सामाजिक शास्त्रांचंही. या दोघांनी मिळून मे महिन्यात एक वर्ग भरवायचा म्हटलं तर साहित्य बाहेरून आणायला नको. जिल्ह्यातल्याच दोन गावांच्या इतक्या वर्षांच्या नोंदी आयत्या आहेत, आणि त्या समजायला लागणारी भाषा मुलांच्या तोंडात आहे. पहिला आठवडा मुलांना संगणकाला हात लावू देऊ नये. वळसंगला, किंवा कुठल्याही गावाला पाठवावं आणि एका घराच्या वर्षभराच्या धान्याचा हिशेब लिहून आणायला सांगावा. मे महिन्यात रानं रिकामी असतात. पण लग्नसराई असते, घरचा कर्ता सापडत नाही, तेव्हा प्रश्न घरातल्या बायकांनाच विचारावे लागतील. त्यात तोटा काही नाही, कारण कणगीत किती उरलं हे त्यांनाच माहीत असतं.